मुरमांसाठी बिनलेबलची डबी देतात, ती घेऊ नका

आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी मुरमांवरचं ‘अँटिबायोटिक’ म्हणून एक पांढरी डबी विकतात. डबीवर औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. किंमत अडीचशे रुपये. त्या डबीत जोरदार स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध, असतं आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. माझ्या धाकट्या भावाच्या चेहऱ्याची त्या डबीनं वाट लावली. त्याला विचारूनच हे लिहितेय, कारण भरतीच्या ग्राउंडवर त्याच्यासोबत पळणाऱ्या अजून काही पोरांच्या बॅगेत तीच डबी आहे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घरी कोरडवाहू शेती. भाऊ बारावी झाला आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागला. पहाटे सोळाशे मीटरची धाव, मग गोळाफेक, दुपारी वावरातलं काम. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरूम बरेच होते, काही पिकलेले. या वयात होतात, पण त्याच्या मनाला ते लागायचं. फोटो काढायची वेळ आली की तोंड फिरवायचा. ग्राउंडवरच्या एका पोरानं सांगितलं, बाजाराच्या रस्त्यावर एक मेडिकल आहे, मागच्या खोलीत ‘स्किनवाले डॉक्टर’ बसतात, आठ दिवसांत चेहरा साफ होतो.

त्या खोलीत डिग्रीचा कागद नव्हता, नोंदणी क्रमांक नव्हता. त्या माणसानं चेहरा टॉर्चनं पाहिला आणि चिठ्ठी न लिहिता तोंडीच काउंटरवरच्या पोराला सांगितलं, “एक डबी दे याले.” मग भावाला म्हणाला, “मुरमात जंतू असते. हे अँटिबायोटिक हाये, बाहेरच्या कंपनीचं. रोज रात्री लावजो. आठ दिवसांत चेहरा साफ.” भावानं बिल मागितलं तर उत्तर मिळालं, “बिल कायले पाह्यजे? बिलावर घेतलं तं महाग पडते.”

आणि चेहरा खरंच साफ झाला. ही फसवणूक चालते ती यामुळेच. आठवड्याच्या आत लाली गेली, पिकलेले मुरूम बसले, रंगही उजळल्यासारखा दिसू लागला. आई सगळ्यांना सांगत सुटली, “पाह्य, माहा पोरगा किती साफ दिसते आता.” डबी संपली की दुसरी आली. शेजारच्या काकांना जांघेत गजकर्ण होतं, त्यांनाही त्याच दुकानातून तीच डबी मिळाली. मुरमांना आणि गजकर्णाला एकच औषध कसं, हा प्रश्न तिथे कोणी विचारावा अशी सोयच नव्हती.

मग डबी आणायला उशीर झाला तेव्हा दोन-तीन दिवसांत चेहरा लालभडक झाला. उन्हात गेलं की आग, पाणी लावलं की आग, घाम आला की पळणं थांबवून सावलीत बसायची पाळी. मुरूम आले ते पहिल्यासारखे नव्हते. सगळे एकाच आकाराचे, बारीक, लाल, दाट. गालावर केसासारख्या लाल शिरा दिसायला लागल्या. गालाच्या वरच्या भागावर मऊ लव वाढली. भाऊ पुन्हा त्या खोलीत गेला तर तो माणूस म्हणाला, “तू मधातच सोडलं ना, म्हणून झालं. आतली गरमी बाहेर निघून रायली. आता पावर वाढवा लागते.” आणि साडेतीनशेची डबी हातात दिली.

डबी लावली की आग थांबायची, सोडली की पेटायची. त्या माणसाचा सगळा धंदा यावरच उभा आहे. ज्याला डबी सोडताच येत नाही, ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे?

भेद फुटला तो एका दुपारी. दुकानात गर्दी नव्हती, काउंटरच्या आतल्या बाजूला पोरगा खाली बसून काहीतरी करत होता. भावानं वाकून पाहिलं. स्टीलची वाटी, आईस्क्रीमची लाकडी काडी आणि पिळून सपाट केलेल्या ट्यूबा. दोन-तीन वेगवेगळ्या ट्यूबांमधलं मलम वाटीत एकत्र घोटून तो काडीनं छोट्या डब्यांमध्ये भरत होता. झाकणं एका पिशवीत वेगळी. रिकामी खोकी पायाशी पडली होती. ट्यूब सरळ विकत घेतली तर पैसे वाचतील म्हणून भावानं खोक्यांचा फोटो काढला. त्या फोटोतली नावं मी मोठी करून वाचली: क्लोबेटासोल प्रोपिओनेट (स्टिरॉइड), निओमायसिन (अँटिबायोटिक), मायकोनाझोल (बुरशीचं औषध). दुसऱ्या खोक्यावर नुसतं बीटामेथासोन, तेही स्टिरॉइडच. दोन्हींवर लाल उभी रेघ आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना होती.

तो फोटो आणि उरलेली डबी घेऊन आम्ही यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी आधी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आम्ही काही सांगायच्या आत विचारलं, “कोणतं क्रीम लावत होतास?” फोटो नंतर पाहिला. म्हणाल्या, असे चेहरे रोज येतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला ‘स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा’ असं रीतसर नावच दिलेलं आहे आणि त्यांच्या संघटनेनं या गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल काढलं आहे.

त्यांनी जे समजावलं ते मी इथे मांडते, कारण ते कळलं की ती डबी कोणी हातात घेणार नाही.

क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यांत जोरदार गटातलं औषध. सोरायसिससारख्या आजारात, हातापायांच्या जाड झालेल्या कातडीवर, साधारण दोन आठवड्यांपर्यंतच ते डॉक्टर देतात. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे औषध जास्त मुरतं, म्हणून चेहऱ्यावर ते लावतच नाहीत. ते लावल्यावर रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज दबते, म्हणून लाली जाते आणि रंग उजळल्यासारखा वाटतो. मुरमाचं मूळ मात्र जागेवरच राहतं: तेलाच्या ग्रंथी, बुजलेली छिद्रं, त्यात वाढणारे जंतू. वरून कातडी पातळ होत जाते आणि तिची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी होते. औषध थांबलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात, म्हणून ती लाली आणि आग. एकसारखे बारीक मुरूम स्टिरॉइडमुळेच येतात. लवही त्यामुळेच. पापण्यांजवळ दीर्घकाळ लावलं तर मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. काकांचं गजकर्ण पसरलं तेही याच कारणानं: स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं.

आता ‘अँटिबायोटिक’ या दाव्याबद्दल. खोक्यावर निओमायसिन लिहिलेलं असतं, ते अँटिबायोटिकच आहे, त्यामुळे विकणारा साळसूदपणे तेवढंच नाव घेतो. पण मुरमांसाठी लावायचं म्हणून जी अँटिबायोटिक वापरतात ती वेगळी. सगळ्यांत जास्त दिलं जातं ते क्लिंडामायसिन, एक टक्का जेल. आणि तेही एकट्यानं लावायचं नसतं. नुसतं अँटिबायोटिक महिनोन्‌महिने लावलं तर मुरमांतले जंतू त्याला दाद देईनासे होतात, मग ते औषध त्या माणसाला उपयोगाचं राहत नाही आणि तसे जंतू घरातल्या इतरांच्या कातडीवरही पोचू शकतात. म्हणून त्यासोबत बेन्झॉईल पेरॉक्साइड देतात. ते जंतूंना मारतं, पण जंतू त्याला सरावत नाहीत. रात्री मटाराच्या दाण्याएवढं अडापालीन, ०.१ टक्का, हे बुजलेली छिद्रं उघडण्यासाठी. अँटिबायोटिकचा वापर साधारण तीन महिन्यांत आटोपतात, बाकीचं पुढे चालू राहतं. गरोदर बाईनं किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

खऱ्या औषधाला वेळ लागतो. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, साल निघते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे, नीट फरक पडायला तीन महिने. बेन्झॉईल पेरॉक्साइडनं टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे आम्हाला मॅडमनी आधीच सांगितलं. मागच्या खोलीतल्या माणसानं असं काहीच सांगितलं नव्हतं. जो आठ दिवसांत मुरूम घालवायची हमी देतो, त्याच्या डबीत काय आहे हे त्या हमीतच कळतं.

भावाला लगेच मुरमांचं औषध दिलं नाही. आधी स्टिरॉइड उतरवायचं होतं. पोटात घ्यायच्या गोळ्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि बाकी काही नाही. ते दिवस वाईट गेले. चेहरा इतका लाल की तो कापड बांधून ग्राउंडवर जायचा, आणि घरात रोज भांडण, की एकदाच लावू दे, आग थांबेल. आता आग थांबली आहे, लव कमी होतेय. शिरा अजून दिसतात, त्यांना किती वेळ लागेल ते नक्की सांगता येत नाही असं मॅडम म्हणाल्या. मुरमांचा खरा उपचार आता कुठे सुरू झाला आहे.

कायद्यात यात काही पळवाट नाही. २०१८ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १४ प्रकारची लावायची स्टिरॉइडं अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तीत स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली काही मलमंही होती. औषधाच्या वेष्टनावर नाव, बॅच नंबर, परवाना नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख लागते. वाटीत घोटून डबीत भरलेल्या मालावर यातलं काहीही नसतं, आणि म्हणूनच तो डबीत भरतात. कागद नसला की माग काढता येत नाही. बिनलेबलच्या क्रीममध्ये काहीही असू शकतं. २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या मायलेकींच्या किडनीला इजा झाल्याची बातमी आली होती, त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी तक्रार दिली. पहिला प्रश्न बिलाचाच आला. बिल नव्हतं, पण एकदा सुटे पैसे नसल्यानं भावानं दुकानाचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले होते. तो व्यवहार, खोक्यांचा फोटो, उरलेली डबी आणि रुग्णालयाचा केसपेपर जोडला. तेव्हा कुठे तक्रारीला वजन आलं. म्हणून सांगते, अशा दुकानात एकदा जरी पैसे दिले असतील तर ऑनलाइन व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं औषध कोणालाही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. ग्राहक म्हणून राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठेही असो. समोर बसलेला माणूस डॉक्टर आहे की नाही हे त्याच्या नोंदणी क्रमांकावरून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतं. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

तुमच्या घरात अशी डबी असेल तर ती फेकू नका, तोच पुरावा आहे. झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि बराच काळ लावत असाल तर मनानं एकदम बंद करून लिंबू, टूथपेस्ट, हळद असलं काही चेहऱ्यावर चोळू नका, पातळ झालेली कातडी ते सहन करत नाही. डबीसकट सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात जा. स्टिरॉइड कसं उतरवायचं ते डॉक्टर चेहरा पाहून ठरवतात, कोणाला लगेच थांबवतात, कोणाला सौम्य औषधावर आणून हळूहळू. डॉक्टरपासून काही लपवू नका, किती डब्या झाल्या तेही सांगा.

आमच्या तक्रारीची चौकशी अजून चालू आहे आणि ते दुकान बाजाराच्या दिवशी उघडं असतं. काकांनी त्यांची डबी जोडून दुसरी तक्रार दिली आहे. ग्राउंडवरच्या दोन पोरांनी तिसरी लिहायला घेतली आहे.