कुंडलिकेकाठचा तंबूतला मुक्काम, कोलाड

मुंबईहून गोवा महामार्गाने साधारण सव्वाशे किलोमीटरवरील कोलाडजवळ, कुंडलिकेच्या काठी तंबूत राहण्याची ही सोय शनिवार-रविवारसाठी निवडण्याजोगी आहे. मात्र आरक्षण करतानाच तंबू नदीपासून किती उंचावर आहे हे आवर्जून विचारावे, कारण भिरा जलविद्युत प्रकल्पाकडून सकाळी पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते, आणि राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालते. तंबू स्वच्छ होता, परंतु गादीला खालून ओल लागली होती आणि सगळ्या तंबूंमागे एकच स्वच्छतागृह होते, जे आकारलेल्या दरात खटकते. तांदळाची गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण मात्र खरोखर उत्तम. शाकाहारींच्या वाट्याला नेहमीचेच पनीर आले. रात्री उशिरापर्यंत वाजणारा स्पीकर व्यवस्थापकांनी सांगताच बंद केला. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी ताडपत्री जवळ ठेवावी.