उतारावरचा तिकोनी प्लॉट, म्हातारपणाचं घर आणि आमच्या आर्किटेक्ट बाई

गुहागरजवळ आमचा प्लॉट. तिकोनी, आणि रस्त्यापासून खालच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) सहज दहा फूट उतार. मिस्टरांचा एक गुडघा बदललाय, माझे दोन्ही कुरकुरतात, तेव्हा शेवटपर्यंत राहता येईल असं घर हवं होतं. आधी ज्यांना विचारलं त्यांनी खाली सपाटीला डुप्लेक्स काढून दिला आणि वरून रॅम्प करू म्हणाले.

या बाईंनी (नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे) तिथेच उभं राहून हिशोब मांडला, व्हीलचेअरचा रॅम्प एकास बारा लागतो, म्हणजे दहा फुटांना १२० फूट, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी, तुमच्या प्लॉटात बसतच नाही. मग घरच रस्त्याच्या लेव्हलला घेतलं, मागची बाजू खांबांवर, खाली लाकूडफाटा. गाडीतून उतरलं की पडवी, तिथून आत एकही पायरी नाही. पाणी आत येईल ही माझी भीती, पण पडवी पूर्वेला असल्यामुळे झड तिथे येत नाही आणि रस्त्याचं पाणी दारापुढच्या जाळीच्या गटारात पडतं. निमुळत्या टोकात सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडलं की काही उरत नाहीच, तिथलं रातांब्याचं झाड ठेवलं.

बाथरूम मात्र खरंच विचार करून केलंय. दार तीन फुटी, सरकतं. जांभ्याच्या चिऱ्यात स्क्रू नीट धरत नाही म्हणून जिथे पुढे आधाराला धरायच्या दांड्या लागतील तिथे आधीच काँक्रीट भरून ठेवलं, आणि दांड्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या म्हणाल्या, खाऱ्या हवेत ३०४ ला डाग पडतात.

पश्चिमेची ती भलीमोठी काच मला आजही पटलेली नाही, फोटोत मॉडर्न दिसते पण पावसाळाभर पडदा ओढून बसायचं आणि मग मिठाचा थर पुसत राहायचं, ते कोण करणार?

तक्रार सुपरव्हिजनची. ड्रॉइंगमध्ये मॅट लिहिलेलं असून कॉन्ट्रॅक्टरने पडवीत गुळगुळीत टाइल बसवली, पावसात बाई साइटवर फिरकल्याच नाहीत, आणि उखडायचा खर्च आमच्या गळ्यात. डिझाइनसाठी डोळे मिटून जा, पण साइट व्हिजिट किती आणि त्यातल्या पावसाळ्यात किती हे फी ठरवतानाच लिहून घ्या.