गरोदरपणातलं ओपिऑइड व्यसन: साम्साची मार्गदर्शिका शिकवायला कशी आहे?

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांना आणि मिडवाइफना गर्भवतीच्या ओपिऑइड (हेरॉइन, फेंटानिलसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या) व्यसनावर उपचार शिकवायचे, तर साम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्य पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची 2018 ची मार्गदर्शिका अजूनही सगळ्यात भक्कम पाया आहे. ती मोफत मिळते. तिच्या 16 टिपणांत समोर बसलेल्या बाईसाठी आत्ता काय करायचं, हे आधी येतं आणि पुरावे नंतर.

सुरुवात विचारण्यापासून होते. प्रत्येकीला ठरलेल्या प्रश्नावलीने तोंडी विचारायचं, लघवीची तपासणी संमती घेऊनच करायची. उपचार औषधाने करायचे, व्यसन एकदम तोडून नाही. एकदम सोडलेल्या बाईच्या शरीराची पदार्थ पचवायची सवय मोडते आणि पुन्हा घेतलेला जुनाच डोस जिवावर बेततो. उपचाराच्या औषधांपैकी मेथाडोन फक्त मान्यताप्राप्त केंद्रांतून मिळतं, ब्युप्रेनॉर्फिन मात्र प्रसूतिपूर्व क्लिनिकमधूनही लिहून देता येतं. म्हणून प्रशिक्षणाचा भर त्यावर हवा.

शिकणारे अडखळतात ते ब्युप्रेनॉर्फिनच्या पहिल्या डोसला. हेरॉइन घेऊन साधारण 12 तास उलटलेले हवेत आणि कॉव्ज नावाच्या 11 मुद्द्यांच्या मोजणीत विथड्रॉवल, म्हणजे पदार्थ थांबल्यावर होणारा त्रास, स्पष्ट दिसायला हवा. मग 2 ते 4 मिलिग्रॅम जिभेखाली. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायची तर नाहीच, कारण पोटात गेलेलं औषध बरंचसं वाया जातं. घाई केली तर ब्युप्रेनॉर्फिन आधीच्या ओपिऑइडला रिसेप्टरवरून (ओपिऑइड चिकटतात त्या पेशींवरच्या जागेवरून) हुसकावतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं. त्रास अचानक उसळतो आणि औषधानेच घात केला असं वाटून ती बाई परत येत नाही. फेंटानिल शरीरातल्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत 12 तास पुरतीलच असं नाही. एवढ्यासाठी तरी मार्गदर्शिकेला जास्तीचं टिपण जोडायलाच हवं.

दिवस भरत येतात तसा जुना डोस अपुरा पडू लागतो. अशा वेळी डोस वाढवायचा किंवा दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यायचा. जास्त मागणारी बाई लबाड ठरवली जाते, ही सर्रास होणारी आणि क्रूर चूक आहे. डोस कमी ठेवल्याने बाळाचा विथड्रॉवलचा त्रास कमी होत नाही. कळा सुरू झाल्यावरही औषध चालूच ठेवायचं. एपिड्युरल (पाठीतून दिलेली भूल) चालतं, पण नॅल्ब्युफिन आणि ब्युटॉर्फनॉल ही वेदनाशामकं टाळायची, कारण त्यांनीही विथड्रॉवल उसळतो. प्रसूतिकक्षात ही दोन्ही औषधं हाताशी असतात, म्हणून हे पाठच हवं.

मार्गदर्शिकेतल्या दोन गोष्टी जुन्या झाल्या आहेत. ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यासाठीची खास परवानगी डिसेंबर 2022 च्या कायद्याने गेली. जून 2023 पासून डीईए या औषध-नियंत्रण संस्थेकडे नोंदणीसाठी एकदाच 8 तासांचं प्रशिक्षण लागतं. दुसरी गोष्ट विथड्रॉवल होणाऱ्या बाळाच्या देखभालीची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 26 रुग्णालयांच्या अभ्यासात बाळ खातं का, झोपतं का, शांत होतं का, एवढंच पाहून उपचार ठरवले. तेव्हा बाळं सरासरी 8.2 दिवसांत घरी जाण्याजोगी झाली, नेहमीच्या पद्धतीत 14.9 दिवस लागले.

शेवटची तीन टिपणं बाळंतपणानंतरची आहेत, आणि वेळ संपला म्हणून वर्गात नेमकी तीच गाळली जातात. मॅसॅच्युसेट्समधल्या नोंदींत ओव्हरडोसचं प्रमाण सर्वात जास्त दिसलं ते प्रसूतीनंतर 7 ते 12 महिन्यांत. आठ तासांच्या प्रशिक्षणातला एक पूर्ण तास याला द्या आणि घरी जाताना ओव्हरडोस उलटवणाऱ्या नॅलॉक्सोनचा स्प्रे देऊन तो कसा मारायचा हे घरच्यांना दाखवण्याचा सराव करून घ्या.