राजमा, चवळी की काळा घेवडा? घरच्या बर्गरसाठी कुठलं कडधान्य घ्यावं

कोल्हापुरात बिनमटणाच्या बर्गरचा विषय काढायचा तर एक गोष्ट आधीच बाजूला ठेवूया. तांबड्या रश्शाची किंवा सुक्क्याची जागा कुठलंच कडधान्य घेत नाही, आणि तशी अपेक्षा धरली की निराशाच पदरी पडते. पावात घालायच्या खिम्याच्या पॅटीचं मात्र तसं नाही. ती वरून खरपूस असावी, आतून दाताला लागावी आणि तिखट-मिठाला पुरेपूर असावी, एवढंच आपलं मागणं असतं. हे काम घेवड्याच्या जातीचं कडधान्य नीट करतं आणि फार थोड्या पैशांत करतं.

पैशांचं कारण खोटं नाही. २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून आपल्याकडं आंदोलन उभं राहिलं होतं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यानंतरही मटण काही स्वस्त झालेलं नाही. उलट एक वाटी कोरडा घेवडा भिजून-शिजून अडीच वाट्यांच्या आसपास भरतो. त्यात कांदा आणि थोडे पोहे पडले की चार माणसांच्या घराची एक वेळ निघते. गोठवलेल्या तयार पॅटीच्या पाकिटाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात घरी दोन-तीन वेळा हा बेत होतो, असा माझा अंदाज आहे. शिवाय श्रावण आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, घरातल्या कुणाचा शनिवार आहे. मुलांना त्या दिवशीही बर्गर हवाच असतो.

आता निवड. लक्ष्मीपुरीत कुठल्याही कडधान्याच्या दुकानात उभं राहिलं की राजमा, चवळी आणि काळा घेवडा हे तिन्ही समोर असतात, आणि बाजूला सोयावड्यांचं पोतं. उसळ आणि कटलेट करता येणाऱ्या माणसासाठी मी हे लिहितोय, त्यामुळं भिजवण्या-शिजवण्याची सुरुवात सांगत बसत नाही.

बहुतेक जण राजम्यापासून सुरुवात करतात, कारण चित्रांमध्ये तोच दिसतो. चवीला राजमा उत्तम आहे, यात वाद नाही. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा हाही त्याच कुळातला, आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याची आमटी ज्यानं खाल्ली असेल त्याला त्याचा मोठेपणा वेगळा सांगायला नको. दाणा शिजला की लोण्यासारखा होतो आणि आमटी आपोआप मिळून येते.

नेमकं हेच पॅटीला आडवं येतं. पॅटी तव्यावर मोडते अशी तक्रार सगळीकडं ऐकू येते, पण माझी खरी अडचण ती नाही. मोडण्यावर इलाज आहेत. बेसन घाला, बटाटा घाला, मिश्रण थंड करा, पॅटी मोडायची थांबते. मला खटकते ती त्यानंतरची गोष्ट. पॅटी अखंड पावात बसते, वरून छान दिसते, आणि पहिला घास घेतला की आतला लगदा पावाच्या मागच्या बाजूनं बाहेर येतो. दाताला काही लागतच नाही. दोन मऊ पाव आणि मधे तिसरा मऊ थर. मुलं दोन घास खातात, मग पाव उघडून नुसती काकडी आणि कांदा वेचतात. खिम्याची पॅटी चावली की तुटते, राजम्याची चावली की दबते. सगळा फरक इथंच आहे, आणि माझी निवड याच एका गोष्टीवर झाली.

बटाटा घालून हे सुटत नाही, उलट वाढतं. बटाट्यानं पॅटी धरून राहते हे खरं, पण मग ते कटलेट होतं. कटलेट चांगलंच असतं. फक्त मटणाऐवजी काही खातोय, ही भावना त्यातून येत नाही.

राजम्याबद्दल आणखी एक सांगणं भाग आहे, कारण हा चवीचा नव्हे तर तब्येतीचा प्रश्न आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. त्यानं उलट्या आणि जुलाब होतात, आणि त्याला मूठभर दाणेही पुरतात. म्हणून निदान ५ तास भिजवायचं, ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून शिजवायचं. कुकरमध्ये नीट मऊ शिजवलं तर काळजीचं कारण उरत नाही. पण फलाफलसारखं नुसतं भिजवून, कच्चंच वाटून तळायचं ही रीत राजम्याला आणि कुठल्याही घेवड्याला लावायची नाही. ती हरभऱ्याची रीत आहे, आणि चवळीचीही.

चवळीचा मोठा गुण हाच. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर सकाळी भिजत घातलेली चवळी पुरते. निथळून, पाणी न घालता जाडसर वाटली, त्यात कांदा, मिरची आणि कोथिंबीर घातली की थेट तेलात. आफ्रिकेत नायजेरियात चवळीची सालं काढून अशीच भजी करतात, त्यांना अकारा म्हणतात. आपल्याकडचे चवळीचे वडे त्यांचेच भाऊबंद. असं वाटलेलं कच्चं पीठ तळताना आतून शिजतं आणि घट्ट धरतं, त्यामुळं दबण्याची तक्रार इथं जवळजवळ नाहीच. मग चवळीच का नाही? एक तर ती तळावीच लागते. तव्यावर थोड्या तेलात आतपर्यंत शिजेलच अशी खात्री मला वाटत नाही. दुसरं असं की ती कितीही चांगली झाली तरी वडाच लागते. पावात घातली की कोल्हापूरच्या माणसाची जीभ तिला वडापावाच्या रांगेत नेऊन बसवते. वडापाव आवडणाऱ्यांना यात काही वावगं वाटणार नाही, आणि घाईच्या दिवशी आमच्याकडंही चवळीच असते.

सोयावडीबद्दल थोडक्यात. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठापासून ती बनते. कोरड्या वडीत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, आणि दाताला ती खिम्याच्या सगळ्यात जवळ जाते, हे मान्य करायलाच हवं. पण तिचा तो विशिष्ट वास मला सोसत नाही. गरम पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा धुऊन पिळली तरी मागं थोडा राहतोच. ज्यांना तो जाणवत नाही त्यांनी माझं ऐकू नये. त्यांच्यासाठी प्रश्न इथंच सुटला.

राहिला काळा घेवडा. दाणा राजम्याहून लहान, साल त्या मानानं जाड. त्याची आमटी आपल्याकडं घराघरांत होते, पण पॅटीसाठी तो फारसा कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. मोजमाप करून सांगत नाही, हाताच्या आणि दाताच्या अंदाजानं सांगतो. शिजल्यावरही याचा दाणा दाणाच राहतो. अर्धा ठेचला आणि अर्धा तसाच ठेवला तर पॅटीत ती सालं आणि अख्खे दाणे घासाला अडवतात, त्यामुळं लगदा मागं सरकत नाही. रंगही कामाचा. राजम्याची पॅटी भाजली तरी फिकट तपकिरी-गुलाबी दिसते. काळ्या घेवड्याची तव्यावरून उतरते तेव्हा भाजल्या खिम्यासारखी गडद असते. डोळ्यांनी आधी मान्य केलं की जीभही फार हट्ट करत नाही.

मात्र नुसतं कडधान्य बदलून भागत नाही, पाणी घालवावंच लागतं. वरचा थर ओला असेतोवर तव्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर चढत नाही आणि खरपूस रंग येत नाही. १९८२ साली लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी ‘व्हेजबर्गर’ या नावानं जे विकायला आणलं, तेही कोरडं मिश्रण होतं. पाणी घरी घालायचं, आणि तेही हवं तेवढंच. घेवडा शिजवून वापरताना आपण नेमके उलटे जातो, पाण्यानं भरलेल्या दाण्यापासून सुरुवात करतो.

मी काय करतो ते सांगतो. घेवडा रात्री मिठाच्या पाण्यात भिजवतो. मिठानं साल लवचिक होते, शिजताना फुटून सगळा गर बाहेर येत नाही. सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात कुकरला लावतो. दाणा बोटांत दाबला की दबावा, पण आपोआप फुटू नये. चिंच, टोमॅटो, आमसूल असलं आंबट काही शिजताना घालायचं नाही, दाणा कडक राहतो. निथळलेलं पाणी आमटीला जातं. निथळलेला घेवडा सुती कापडावर पसरून पंख्याखाली ठेवायचा, मग तेल न घालता कढईत मंद आचेवर परतायचा. सालं तडकू लागली आणि दाणा हाताला कोरडा लागला की झालं. या परतण्याला कंटाळून बरेच जण ते गाळतात. तेवढं एक गाळू नका, बाकी काहीही बदला.

कांदा चिरून कच्चा घातला तर तोही पाणी सोडतो. आपण रश्शाच्या वाटणाला करतो तसा थेट आचेवर काळपट भाजून घेतला तर पाणी जातं आणि धुराचा वास राहतो. पॅटी मटणाकडं झुकते ती खरं तर या वासानं आणि घरच्या चटणीनं. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी असताना बाहेरचा कुठलाही मसाला घालायची गरज नाही. भाजलेलं सुकं खोबरं थोडं, दाण्याचा जाडसर कूट थोडा. बांधायला पातळ पोहे कोरडेच भाजून चुरून घालतो. ते उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि ब्रेडच्या चुऱ्यासारखे चिकट होत नाहीत. अंडं चालत असेल तर एक घाला, पकड सुधारते. पण श्रावणासाठीच करत असाल तर पोह्यांवर भरवसा ठेवा.

पॅटी थापून निदान तासभर फ्रीजमध्ये ठेवायच्या, रात्रभर ठेवल्या तर अधिक चांगलं. शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होतो, म्हणून आदल्या दिवशीचा भात मोकळा लागतो. मग बिडाचा तवा चांगला तापवून, शेंगतेलावर, मध्यम आचेवर भाजायच्या. एक बाजू पूर्ण होईपर्यंत उलथनं लावायचं नाही. खालची कड काळसर झाली की पॅटी स्वतःच तवा सोडते. जाडी बोटाच्या पेऱ्याहून कमीच ठेवा.

तब्येतीसाठी मटण कमी करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. शिजलेल्या घेवड्यात १०० ग्रॅममागं ८ ते ९ ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्या मटणात त्याच्या जवळजवळ तिप्पट. गव्हाच्या पावाबरोबर खाल्लं की दोघांची उणीव एकमेकांनी भरून निघते, कारण प्रथिनांच्या घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) गव्हात लायसिन कमी असतं आणि घेवड्यात मेथिओनिन. लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. बी-१२ मात्र घेवड्यात नाहीच. कधीतरीच्या बदलाला त्यानं काही बिघडत नाही. मांसाहार कायमचा सोडणाऱ्यानं दूध, दही किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी याची सोय पाहावी.

घरात लहान मुलं किंवा दात नाजूक असलेली म्हातारी माणसं असतील तर काळ्या घेवड्याची साल त्यांना जड जाऊ शकते. तिथं राजमा बरा, आणि त्याची पॅटी पावात न घालता भाकरीबरोबर ताटात वाढावी. म्हणजे दबण्याचा प्रश्नच येत नाही. पाहुणे अचानक आले तर चवळी. प्रथिनं मोजून खाणाऱ्या व्यायामवाल्या पोरांना सोयावडी, किंवा तिचा चुरा घेवड्यात मूठभर मिसळून. तसा मिसळला तर वासही फारसा जाणवत नाही असं मला वाटतं. पण मटण खाणाऱ्या घरात, पावात घालून, कुणी पाव न उघडता शेवटच्या घासापर्यंत खावं असं वाटत असेल तर मी काळ्या घेवड्याकडंच बोट दाखवेन.

पहिल्यांदा पाव किलोच घ्या, आणि ज्या दुकानातला माल हलता असतो तिथूनच घ्या. उन्हाळा-पावसाळा पोत्यात काढलेला जुना घेवडा कितीही शिट्ट्या दिल्या तरी आतून खडाच राहतो, आणि बोअरच्या जड पाण्यात तर अजिबातच शिजत नाही. घेताना मूठभर हातात घेऊन बघा. दाणा तकतकीत असावा, सुरकुतलेला नसावा, आणि तळाशी पीठ साठलेलं नसावं.