प्रमाणपत्राचा वर्ग की अनुभवी कोच?

दहा-बारा वर्षं कंपन्यांमध्ये बदल राबवणाऱ्यांनी पुढे काय शिकावं? बदल-व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्रोसाय या कंपनीचा ३ दिवसांचा वर्ग, माणूस बदल कसा स्वीकारतो हे मांडणाऱ्या अ‍ॅडकार या मॉडेलचे ५ टप्पे नीट हातात देतो: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता, दृढीकरण. टीमला समान भाषा मिळते. पण तो नवख्यांना जास्त उपयोगी, असं माझं स्पष्ट मत.

कोचिंगचं तसं नाही. चाकणच्या एका कारखान्यात नवी प्रणाली आणताना सुपरवायझर मीटिंगमध्ये माना डोलवायचे आणि शिफ्टला जुनंच रजिस्टर भरायचे. कोचने उपाय सांगितला नाही, एवढंच विचारलं, "यात त्यांचं काय जातंय?" दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं, रजिस्टरवरची सही हा त्यांचा मान होता.

कोच निवडताना आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या संस्थेचं पीसीसी, म्हणजे व्यावसायिक कोचचं प्रमाणपत्र, आहे का बघा. त्यासाठी किमान ५०० तासांच्या कोचिंगचा अनुभव लागतो.