आईचा गुडघा आणि दिवसपाळीच्या सिस्टर: नाशिकमधील एका रुग्णालयाचा अनुभव

आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण यंदा संक्रांतीनंतर नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात झाले. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. सर्जन निष्णात होते, परंतु चार दिवसांत त्यांचा सगळा मिळून अर्धा तासही आमच्या वाट्याला आला नसेल. बाकी सर्व वेळ आई परिचारिकांच्या हाती होती, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्यांच्याच कामाचे आहे.

आम्ही निफाड तालुक्यातले आणि आईचे आयुष्य द्राक्षबागेत गेलेले. रक्ततपासणी, एक्स-रे, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची भेट हे सगळीकडेच होते. येथील ज्येष्ठ सिस्टरांनी मात्र आईला पलंगावर बसवून तिच्या दोन्ही टाचा पाहिल्या. निफाडच्या थंडीने टाचांना खोल भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून रक्त येत होते. त्यांनी तशी नोंद केली आणि सर्जनांनी शस्त्रक्रिया दहा दिवस पुढे ढकलली, कारण अशा उघड्या जखमेतील जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचले तर प्रसंगी तो सांधाच काढावा लागतो. त्याच कारणासाठी त्यांनी किडलेल्या दातांची आणि लघवीच्या जळजळीचीही चौकशी केली. शिवाय, आई गावातल्या मेडिकलमधून परस्पर आणून घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांची गोष्ट, जी आम्हा मुलांनाही ठाऊक नव्हती, ती त्यांनी पाच मिनिटांच्या गप्पांत काढून घेतली. संक्रांतीचे हळदीकुंकू हुकणार म्हणून रुसलेली आई तारीख पुढे गेल्याने मनातून खूश झाली, हा भाग वेगळा.

उपवासाबाबतही सूचना नेमक्या होत्या. आमच्याकडे ऑपरेशन म्हटले की आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही बंद, असा समज आहे. येथे हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, असे मराठीत लिहून दिले होते, आणि सकाळी रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर देऊन मधुमेहाची थांबवली होती. मंगळसूत्र काढण्यास आई तयार नव्हती. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात आणि अंगावर धातू असल्यास तेथे त्वचा भाजण्याचा धोका असतो, हे सिस्टरांनी न चिडता समजावले आणि सर्व दागिने मोजून, सही घेऊन वडिलांच्या हाती दिले.

शस्त्रक्रियागृहातील हकिकत आईनेच सांगितली, कारण पाठीत इंजेक्शन देऊन केवळ कमरेखालचा भाग बधिर केला होता. ‘नाव काय, कुठला गुडघा, असं सारखं विचारत होते, यांना माहीत नाही की काय?’ अशी तिची तक्रार होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुढे आणलेल्या सुरक्षा यादीप्रमाणे भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा थांबून मोठ्याने पडताळणी करायची असते, हे तिला सांगितल्यावर तिचे समाधान झाले. शेवटी कोणीतरी कापडाचे बोळे आणि हत्यारे मोजत असल्याचेही तिने ऐकले होते. बाहेर आणल्यावर ती कुडकुडत होती. अशा भुलेने रक्तवाहिन्या सैलावतात आणि अंगातील उष्णता लवकर निघून जाते. सिस्टरांनी लगेच गरम हवेचे पांघरूण लावले आणि ताप मोजण्याचे यंत्र जवळच ठेवले.

यानंतरच्या काळजीबद्दल माझे मत मिश्र आहे. दिवसपाळीच्या सिस्टर दुखणे ओळखण्यात वाकबगार होत्या. दहापैकी किती दुखते, या प्रश्नाला आईचे उत्तर ठरलेले होते, ‘आहे आपलं थोडं.’ त्या या उत्तरावर न थांबता तिचा चेहरा पाहत, कूस वळवता येते का हे विचारत आणि फिजिओथेरपिस्ट येण्यापूर्वी वेदनाशामक औषध देत, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून दारापर्यंत चालली. लघवीची नळी त्याच दिवशी काढली आणि पिंढरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घोटे वरखाली करण्याचा व्यायाम त्यांनी तासातासाला करवून घेतला.

रात्री मात्र संपूर्ण मजल्यावर एकच सिस्टर होत्या. दुसऱ्या रात्री घंटा वाजवूनही वीस मिनिटे कोणी आले नाही. आल्यावर ‘थोडंच दुखतंय ना’ असे म्हणून त्या निघून गेल्या आणि आई पहाटेपर्यंत दात आवळून पडून राहिली. त्या सिस्टरांना मी दोष देत नाही, एका माणसाकडून एवढ्या खोल्या होणार नाहीत. दोष पाळी लावणाऱ्यांचा आहे.

घरी सोडण्याचा दिवस विम्याच्या मंजुरीची वाट पाहण्यात गेला आणि सायंकाळी सहा वाजता इंग्रजी कागदांची फाइल घाईने हाती दिली गेली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पट्टी ओली झाली तर काय करायचे, पिंढरी सुजली, ताप आला किंवा धाप लागली तर ताबडतोब यायचे, यातले काहीही कोणी तोंडी सांगितले नाही. मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात फोन केला, तेव्हा दिवसपाळीच्या त्याच सिस्टरांनी दहा मिनिटे देऊन सर्व मराठीत सांगितले आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले.

आईचा डावा गुडघाही पुढील हिवाळ्यात करायचा आहे आणि तिला हेच रुग्णालय हवे आहे. माझी हरकत नाही. फक्त तारीख ठरवण्यापूर्वी रात्रपाळीला मजल्यावर किती सिस्टर असतात, हे मी विचारून घेणार आहे.