थेरपीला साडेचार स्टार, त्यांच्या फ्लेक्सला भोपळा

मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, दीड वर्ष झालं या सेंटरला जातोय. नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

आधी चांगलं सांगते. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून देतात ती) ताई एक नंबर. पहिली चार सेशन्स हा टेबलाखालून बाहेरच येईना, तर ताई स्वतः टेबलाखाली जाऊन बसल्या, तिथेच ठोकळे लावत बसले दोघं. ट्यूबलाइट गुणगुणते त्याचा त्याला त्रास होतो म्हटलं तर पुढच्या वेळी आम्ही जायच्या आधीच बंद करून ठेवलेली. ४५ मिनिटांचे ७०० घेतात पण पूर्ण ४५ मिनिटं देतात.

आता फ्लेक्स. २ एप्रिल, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिन, जवळ आला की सेंटरचा चौकात लागतो, करड्या रंगात रडवेलं पोर, तोंडावर पझलचा तुकडा आणि खाली 'चला, ऑटिझमला हरवूया!' आमचं ध्यान दिसेल ती पाटी मोठ्याने वाचतं. स्कूटरवर मागून आवाज, "आई, ऑटिझम हरवला?" नाही रे, म्हटलं. "मग कुठे नेऊन हरवायचाय?" आपल्याला ऑटिझम आहे हे त्याला माहितीये, आम्ही लपवलेलं नाही, त्यामुळे पुढचे तीन दिवस भाजी घेताना पण माझा हात सोडेना.

रिसेप्शनला सांगितलं तर म्हणे मॅडम, अवेअरनेससाठी थोडं इमोशनल लागतंच. अहो, तो पझलचा तुकडा १९६३ सालचा, इंग्लंडमधल्या पालकांच्या संस्थेचा, त्यातही रडणारं मूलच होतं, आणि त्या संस्थेनेच तो केव्हाच सोडून दिला! २००७ ला न्यूयॉर्कमध्ये तर 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे' छाप खंडणीच्या चिठ्ठ्या ऑटिझमच्या नावाने छापलेल्या, लोकांनी एवढी ओरड केली की कॅम्पेन गुंडाळावी लागली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सिनेमा वगैरेंबद्दल सांगितलंय की दिव्यांगांची टिंगल नको, उगाच सुपरहिरो पण करू नका, आणि दाखवायच्या आधी त्यांना विचारा. इथे विचारलं कोणी? त्यांच्या २ एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलभर निळे फुगे. फुगे! एक फुटला आणि निम्मी पोरं कानावर हात ठेवून जिन्यात.

टेबलाखाली बसलेल्या ताईंचा फोटो लावला असता तर मी दहा पालक घेऊन आले असते.

सेशन्स चालूच ठेवतोय. फक्त एप्रिलभर मागच्या गल्लीने जातो, पाच मिनिटं जास्त लागतात आणि खड्डे बेक्कार आहेत.